पंधरा अंश

५ जानेवारी
ठरलं एकदाचं! रत्नाचा उजवा गुडघा जळगावला बदलायचा, रोबोटने. तिचं टुमणं धुळ्याचं. तिची भावजय, दोंडाईच्याची द्रौपदाबाई, तिचा गुडघा तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी डिसेंबरात बदलला. हाताने! वरणगावच्या फॅक्टरीत तीस वर्षं मी माल तपासला. माणसाचा हात किती चुकतो ते मला कोणी शिकवू नये. रोबोटचं माहितीपुस्तक दोनदा वाचून काढलंय.

१० जानेवारी
काल झालं. डॉक्टर म्हणाले, कापतो मीच, रोबोट फक्त हात रेषेबाहेर जाऊ देत नाही. मग याचं नाव एवढं मोठं कशाला लावता भिंतीवर?

१४ जानेवारी
घरी आणली. हॉस्पिटलची जाडजूड फाइल कपाटात टाकली. स्वयंपाकाला तानुबाई येते, बाकी सगळं मी. जन्मात पहिल्यांदा चहा केला, तोही बायकोसाठी. साखर विसरलो, तरी प्यायली.
कण्हत होती. गुडघ्याखाली उशी सरकवली, तेव्हा कुठे डोळा लागला. आधी नको नको करत होती. प्रत्येक गोष्टीला नन्नाचा पाढा! ओरडलो, मग ठेवू दिली.

२४ जानेवारी
फॅक्टरीतला कोनमापक शोधून काढला. गुडघा वाकतो नव्वद अंश. झकास. पण सरळ होत नाही! आठ अंश कमी. पुन्हा मोजलं. आठच.

२ फेब्रुवारी
बारा.

५ फेब्रुवारी
द्रौपदाबाई येऊन गेली. एसटीने आली, जिना चढली, आणि समोर बसून पाय पसरला — फळीसारखा सरळ. मुद्दाम! दर पाच मिनिटांनी पसरत होती. 'आमना डॉक्टर जुना, पण हात सोन्याचा,' म्हणाली. रत्ना तिच्या पायाकडे बघत राहिली. माझ्याकडे एकदाही नाही.
ती गेल्यावर मी दोन उश्या लावल्या. एकीने भागत नव्हतं.

१२ फेब्रुवारी
तपासणी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. सांधा अचूक बसलाय म्हणे. पाय सरळ ठेवता ना, असं मलाच विचारतात! आम्ही काय घरी गोट्या खेळतो? असाच राहिला तर भूल देऊन जोर लावून सरळ करावा लागेल, नाहीतर कायमचं लंगडणं. परत येताना रिक्षात रत्ना रडली. पुन्हा भूल नको म्हणाली.
माल खराब आणि दोष गिऱ्हाइकाचा. वा!

१३ फेब्रुवारी
पंधरा.
तक्रार लिहायला घेतली. तीन पानं झाली. तारखांसकट सगळे अंश घातले. शेवटी लिहिलं — यापेक्षा धुळ्याचा हात बरा. रोबोट मीच निवडला होता.

१८ फेब्रुवारी
डॉक्टरांनीच मृणाली नावाची फिजिओथेरपीवाली पोरगी घरी पाठवली. मी तक्रारीची पानं हातात घेऊनच दार उघडलं. ती सरळ पलंगाशी गेली. पांघरूण बाजूला केलं, उश्या बघितल्या.
'या कोण ठेवतं?'
'मी,' म्हणालो. ऐटीत!
तिने दोन्ही काढून माझ्या हातात दिल्या. पाच आठवडे वाकवून ठेवलाय पाय, म्हणाली, सरळ कसा होईल? रोबोट असो नाहीतर हात, गुडघ्याखाली उशी नको. फाइलमध्ये लिहिलंय. रोज व्यायाम केला तर अजून सरळ होईल, असंही म्हणाली.

१९ फेब्रुवारी
फाइल काढली. शेवटचं पान, ठळक अक्षरात. तक्रार फाडली. रत्नाला विचारलं, तुला ठाऊक होतं?
होतं. हॉस्पिटलातच सांगितलं होतं तिला.
मग मी झोपल्यावर तरी उशी काढायची होतीस!
म्हणाली, 'चाळीस वरीसमा पहिल्यांदा तुम्ही मन्हासाठी काही केलं. कशी काढू?'