ह्यांची आणि विमानांची व्यवस्था

मी, निर्मला वामन नेवे, वय अडुसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार लालबाग, बुऱ्हानपूर, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी लिहीत आहे. आज संध्याकाळी मला इंदूरला नेणार आहेत आणि परवा हृदयाची झडप बदलायची आहे. मला भीती वाटते, हे लपवत नाही. पण भीती वाटणे म्हणजे बुद्धी ठिकाणावर नसणे नव्हे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट, हे लिहू नये असेच प्रत्येकाने आपापल्या परीने सुचवले. वकीलसाहेब तेवढे म्हणाले, "मॅडम, हिंदी में लिखवा दीजिए, आगे आसानी रहेगी." मी म्हटले, नवऱ्याबद्दल आणि मुलाबद्दल लिहायचे आहे, ते मला मराठीतच जमेल. कोर्टाला लागले तर भाषांतर करून घ्यावे.

१. माझ्या मागे माझे पती श्री. वामनराव, मुलगा स्वप्निल, सून पूर्णिमा आणि नात भूमिका एवढी माणसे राहतील. स्वप्निल इंदूरला नोकरी करतो. वामनरावांना पुढे मी 'हे' असेच लिहीन. चव्वेचाळीस वर्षांची सवय कागदासाठी मोडणार नाही.

ह्यांना विस्मरणाचा आजार आहे. हे सिंचाई विभागात नकाशे काढायचे. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत असताना दोरीवरची विमाने करायला शिकले आणि तो नाद जन्मभर सुटला नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे हातभर लांब विमान, त्याला खरे इंजिन, आणि त्याच्या डाव्या पंखातून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा. तारांच्या दुसऱ्या टोकाला हँडल. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी उभा राहून स्वतःभोवती फिरतो, विमान त्याच्याभोवती घिरट्या घेते. मनगट वर केले की विमान चढते, खाली केले की उतरते. दर रविवारी आम्ही जवळच्या बहादरपुर गावी, ओळखीचे शेतकरी देवरामभाऊ यांच्या पडीक तुकड्यावर जात असू. चहूकडे केळी आणि मध्ये ती मोकळी जागा. मी विमान धरून ठेवायची आणि ह्यांनी खूण केली की सोडायची. लोक म्हणत, नेवेबाई शाळेत पोरांना धाक दाखवतात आणि रविवारी नवऱ्याची विमाने धरतात. म्हणू देत. कपड्यांना इंधनातल्या एरंडेलाचा वास यायचा, तो मला आवडायचा.

आजार प्रथम मला कळला, तो विमानावरूनच. तारा फक्त डाव्या पंखातून काढायच्या असतात. पाच वर्षांपूर्वी ह्यांनी एका विमानाच्या दोन्ही पंखांना तारांच्या नळ्या बसवल्या. काम नेहमीसारखेच सुबक होते. मी विचारले, "इकडची कशाला?" हे त्या नळीवर बोट फिरवत म्हणाले, "तूच सांग."

२. लालबागचे हे घर मी माझ्या पगारातून घेतले आणि ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याची व्यवस्था सांगण्याआधी २०२३ च्या दिवाळीत काय घडले ते लिहिणे भाग आहे, कारण त्याची घरात तीन वेगवेगळी वर्णने चालतात.

स्वप्निल सहकुटुंब आला होता. भूमिका तेव्हा दहा वर्षांची होती. मी आत करंज्या तळत होते. हे अंगणात विमान घेऊन बसले. बोटाने पंखा फिरवून इंजिन चालू करणे ह्यांच्या हातात मुरलेले आहे. ते डोक्यातून गेले तरी हातातून गेले नाही. भूमिकेने मला विमान धरताना पाहिलेले होते, म्हणून ती आपण होऊन विमानाची शेपटी धरून बसली. इंजिन लागले. ह्यांनी तारा जोडल्याच नव्हत्या, हँडल खुंटीवर होते. हे म्हणाले, "सोड." तिने सोडले. विमान पायरीवर आपटून उलटे फिरले आणि ते पडू नये म्हणून तिने हात पुढे केला. उजव्या हाताची तर्जनी कापली गेली. बोट वाचले, पण ते आता पुरते वाकत नाही. ती पेन दोन बोटांत धरून लिहिते.

दवाखान्यात स्वप्निल मला म्हणाला, "आई, ते बाबा नाहीयेत आता. समझ ना जरा! उद्या डोळा गेला असता तर?" तो बाप आहे, त्याचे खरेच होते. पुढे म्हणाला, "एक तर ते कुठे तरी नीट ठिकाणी राहतील, नाही तर आम्ही या घरात येणार नाही." तेव्हापासून तो आलेला नाही.

भूमिकेने मला एकदाच विचारले, "आजी, मी सोडायला नको होतं का?" इथे लेखी सांगते: बेटा, तुझे काही चुकले नाही. मोठ्या माणसाने सांगितले, तू ऐकलेस.

३. माझे दीर जीवन नेवे यांना मी काहीही देत नाही. त्याचे कारणही नोंदवते.

आम्ही भूमिकेला घेऊन दवाखान्यात असताना घरी ह्यांच्याजवळ थांबलेल्या जीवन भाऊजींनी भंगारवाल्याची हातगाडी बोलावली. कपाटातली आणि माळ्यावरची सगळी विमाने, इंजिने, तारा त्यांनी देऊन टाकली. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "वहिनी, पोरीचं बोट गेलं. आणखी काय जायची वाट पाहायची?" एवढ्यावर मी त्यांना क्षमा केली असती. भीतीने माणूस असे करतो. पण शेजारच्या मालूबाईंनी जे पाहिले ते त्यांनी मला सांगितले, आणि भाऊजींनी ते नाकारले नाही. ते ह्यांना म्हणाले होते, "चला दादा, विमानं काढा, उडवायला जायचंय." मग ह्यांनी आपल्या हाताने एकेक विमान उचलून, पंखाला धक्का न लागू देता, हातगाडीवर नेऊन ठेवले. गाडी गेली. हे इंधनाचा डबा हातात घेऊन, पायात बूट घालून फाटकाशी उभे राहिले. आम्ही परतलो तेव्हाही तिथेच होते. मला म्हणाले, "चल ना, सगळे पुढे गेले."

म्हणून माझ्या पश्चात ह्यांच्या बाबतीतल्या कोणत्याही निर्णयात जीवन भाऊजींना विचारू नये. त्यांनी तेराव्याला जेवायला यावे, पण व्यवस्था सांगू नये.

४. त्यानंतर हे घरात टिकेनात. रिकामे कपाट उघडायचे, बंद करायचे आणि चालू लागायचे. एकदा रेल्वे फाटकाजवळ सापडले. एकदा दिवसभर मिळाले नाहीत आणि सूर्य कलताना देवरामभाऊंचा फोन आला, "बाई, काळजी करू नका. सायेब माझ्याकडे आहेत. सोजरनं भाकर वाढली, पोटभर जेवले." हे पायी बहादरपुरला पोहोचले होते. रस्ता कसा आठवला, देव जाणे.

मी आणायला गेले तर हे ओट्यावर बसून लाकडाचा तुकडा काचकागदाने घासत होते. देवरामभाऊंच्या गोठ्यात जुने सामान ठेवलेले असायचे, त्यातलाच तुकडा. कित्येक महिन्यांत मी ह्यांना इतके शांत पाहिले नव्हते. देवरामभाऊ म्हणाले, "राहू द्या ना त्यांले इथं. आम्हाले काही जड नाही." त्यांच्या पत्नी सोजरबाई म्हणाल्या, "पोरं गेली सुरतले. घरात बोलाले कोणी नाही. हे बोलत नाहीत, पण आयकतात तरी."

तेव्हापासून हे आठवड्यातले बरेच दिवस तिथेच असतात. इंजिन नाही, तारा नाहीत. नुसते घासतात. सोजरबाई भुसा झाडतात आणि नवा तुकडा देतात.

५. स्वप्निलने इंदूरला एक संस्था पाहून ठेवली आहे. ह्यांना घेऊन मी ती पाहून आले. माझ्या मुलावर अन्याय नको म्हणून लिहिते की जागा स्वच्छ होती, बोलणारी माणसे सभ्य होती. एका खोलीत दहाबारा वृद्ध गृहस्थ टीव्हीसमोर ओळीने बसले होते. कोणी टीव्ही पाहत नव्हते. ह्यांनी माझा पदर धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. बरोबर आलेल्या स्वप्निलनेही ते पाहिले. परत येताना तो म्हणाला, "सवय होईल त्यांना." होईलही. मला ती व्हायला नको आहे.

६. वकीलसाहेब सांगतात की नवऱ्याचा पालक मृत्युपत्राने नेमता येत नाही. पण घर माझे आहे आणि घराला अट घालता येते. तेव्हा:

हे घर मी स्वप्निलला देते. ह्यांच्या हयातीत ते विकू नये. भाड्याने द्यावे आणि ते भाडे ह्यांच्याजवळ दिवसरात्र राहणाऱ्या माणसासाठी वापरावे. देवरामभाऊ आणि सोजरबाई यांची इच्छा आणि ताकद असेपर्यंत ह्यांना बहादरपुरलाच राहू द्यावे. ते दोघे थकले तर पुढचे पूर्णिमाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. ही व्यवस्था डावलून ह्यांना कुठल्याही संस्थेत ठेवले, तर घर स्वप्निलचे न राहता भूमिकेचे होईल.

ही अट आपल्या पोटच्या मुलाला घालताना माझा हात थांबला होता. तो वाईट नाही. लहानपणी ह्यांनी त्याच्या हातात हँडल दिले तेव्हा दोन फेऱ्यांतच तो चक्कर येऊन पडला, आणि हे हसले. सगळ्यांदेखत हसले. तो पुन्हा कधी मैदानात आला नाही. मी ते विसरलेले नाही. तरीही अट लिहिली.

देवरामभाऊंना मला काही द्यायचे होते. ते म्हणाले, "माझं नाव कागदावर नफ्याले लिहू नका, बाई. लोक म्हणतीन, सायेबाले घरासाठी ठेवलं." म्हणून त्यांना मी काहीही देत नाही, आणि ते त्यांच्याच सांगण्यावरून देत नाही, हे सर्वांनी ध्यानात घ्यावे.

७. बँकेतल्या माझ्या ठेवी भूमिकेच्या. त्यातून आधी तिच्या बोटाचे पुढचे उपचार व्हावेत. माझ्या बांगड्या पूर्णिमाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मागच्या महिन्यात ती एकटीच बसने येऊन गेली. स्वप्निलचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "आई, मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण बाबांना भेटायला मी येत राहीन." मला तेवढे पुरते.

देवरामभाऊंच्या गोठ्यात आढ्याला एक निळे विमान टांगलेले आहे. भंगारातून तेवढेच वाचले. त्याचे इंजिन मी काढून घेतले आहे. भूमिका मोठी झाल्यावर तिला हवे असेल तर तिला द्यावे. नको म्हणाली तर आग्रह करू नये. लाकूड कापायची फ्रेटची बारीक करवत, पाती, चिमटे आणि ह्यांनी काढलेले नकाशे ह्यांच्याजवळच राहू द्यावेत. पाती मात्र सोजरबाईंनी कुलपात ठेवावीत.

८. शस्त्रक्रियेत माझे बरेवाईट झाले तर ह्यांना ते एकदा सांगावे. पूर्णिमाने सांगावे, जवळ बसून. त्यानंतर हे विचारत राहतील. दर वेळी नव्याने सांगू नये. ह्यांना ते दर वेळी पहिल्यांदाच कळेल, आणि तेवढे दुःख एका माणसाच्या वाट्याला येऊ नये. "बाई शाळेत गेल्यात, येतील," असे सांगावे. मी आयुष्यभर मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवले. हे खोटे माझ्या नावावर लिहावे.

काल बहादरपुरला जाऊन आले. ह्यांनी मला ओळखले की नाही, सांगता येत नाही. पण खुर्चीवरचा भुसा आपल्या रुमालाने पुसून ती मला बसायला दिली.

९. सही करण्यापूर्वीची नोंद. मला न्यायला स्वप्निल आत्ताच आला. साक्षीदार बसलेले होते. त्याने वाचायला मागितले, मी दिले. सगळे वाचून तो म्हणाला, "आई, अट काढ. मी शब्द देतो तुला."

"शब्द दिलास, बरं वाटलं," मी म्हटले. "अट राहू दे."

"मग माझ्या शब्दाला काय किंमत?"

मी अट काढलेली नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला वाटले, आता निघून जाईल. मग पाठमोराच म्हणाला, "मी बहादरपुरला गेलो आणि त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, तर मी पण हेच सांगायचं? शाळेत गेलीय म्हणून?"

मी म्हटले, "हो. तूसुद्धा."

त्याने टेबलावरचे पेन उचलले, टोपण काढले आणि माझ्या हातात दिले.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला असून तो माझ्या मनासारखा आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. साक्षीदारांच्या देखत सही करते.

निर्मला वामन नेवे

साक्षीदार:
१. मंगला रघुनाथ बडगुजर, निवृत्त शिक्षिका, लालबाग. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. योगेंद्र श्रीपत कासार, औषध विक्रेते, शनवारा. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

ठिकाण: बुऱ्हानपूर
दिनांक: ३ मार्च २०२५