परतीच्या डब्यात काय घालावं

तरसाली, बडोदे
रविवार

ती. सरोजिनीआत्यास मोहनाचा साष्टांग नमस्कार.

डभोईच्या जिन्याशी तुझे गुडघे सध्या कसे वागताहेत ते कळव. मी बरी आहे. माझं छत बरं नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. (फोन केला असता, पण घरमालक खालीच राहतात आणि माझा फोन वाजला की त्यांच्या टीव्हीचा आवाज कमी होतो. योगायोग असेलही.)

घरमालक म्हणजे हिंमतराव. त्यांचे पणजोबा गायकवाडी घोडदळात होते, हे मला घर दाखवताना पाण्याच्या टाकीच्याही आधी सांगण्यात आलं. तर स्वयंपाकघरात शेगडीच्या बरोबर वर ओल आली आहे. जुलैत पुरीएवढी होती, आता परातीएवढी आहे. मी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालते. (आधी स्वतःचा दोष तपासला. कुकरच्या वाफेने होत असेल म्हणून आठवडाभर दहीपोह्यांवर राहिले. ओल वाढलीच.) करारात लिहिलं आहे की मोठी दुरुस्ती मालकाने करायची, किरकोळ भाडेकरूने. मोठी कोणती हे कोण ठरवणार, ते लिहिलेलं नाही, आणि ते चुकून राहिलं असेल असं मला वाटत नाही.

सहा वेळा खाली जाऊन सांगितलं. सहाही वेळा हिंमतराव म्हणाले, "थई जशे, बेटा." होऊन जाईल! कोण करणार, कधी करणार, याचा त्यात पत्ता नाही. आणि सहाही वेळा तासाभरात त्यांच्या बायकोचा, चिमणाकाकूंचा, स्टीलचा डबा वर आला. कधी हांडवो, कधी पातरा. आता आत्या, शाळेत घालायच्या आधी तूच मला घरी बाराखडी शिकवलीस, पाढे शिकवलेस आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हेही शिकवलंस. त्यामुळे मी तक्रार सोडून शंकरपाळे तळत बसते (त्याच छताखाली). ज्यांचा हांडवो खाल्ला त्यांच्याशी भांडायचं कसं? हे त्यांना पक्कं ठाऊक असावं, असा माझा संशय आहे.

शेवटी रीतसर अर्ज लिहिला. हातात देणं उर्मटपणाचं वाटलं, म्हणून घडी करून डब्याच्या तळाशी ठेवला आणि वर शंकरपाळे भरले. चार दिवसांनी डब्यातून भजी आली. भज्यांखाली माझाच अर्ज, तेलाने आरपार दिसणारा. उत्तरादाखल एक अक्षर नाही! (काकूंना तो तेल टिपायचा कागद वाटला. निदान त्या तसं म्हणतात.)

परवा सकाळी फोडणीचं तेल तापत होतं. मी मोहरी घ्यायला वळले आणि मागे धप्पकन छताचा तुकडा कढईत पडला. वळले नसते तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं. गॅस बंद केला, झाऱ्याने तुकडा बाहेर काढला. ओट्यावर काकूंचा डबा होता, त्यात तुकडा घातला आणि तशीच खाली गेले. तिथे त्यांचे व्याही चहाला आलेले. काकूंनी माझ्या हातून डबा घेतला, "आमची मोहना डबा कधी रिकामा देत नाही हं," असं कौतुकाने म्हणाल्या आणि पाहुण्यांसमोर उघडला.

हिंमतरावांनी चष्मा लावला. "हे काय, बेटा?"

"छत. तुमचंच आहे."

व्याह्यांनी हळूच मान वर करून स्वतःच्या डोक्यावर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला लक्ष्मण गवंडी हजर! त्याने गच्चीच्या भेगा भरल्या, छताला प्लास्टर केलं आणि जाताना माझी शेगडी पुसली. गवंडी शेगडी पुसतो? आत्या, कराराचे अकरा महिने पुढच्या आठवड्यात संपताहेत. म्हणजे घर नीट करून दुसऱ्या कोणाला द्यायचा बेत असणार. मला यापेक्षा बरं घर ऑफिसजवळ मिळणार नाही. तू येऊन त्यांच्याशी बोलशील का?

तुझी,
मोहना

ता. क. काकूंचा डबा आत्ताच वर आला. नेहमीपेक्षा जड आहे. उघडणार नाही.

ता. क. दुसरा. उघडला. वर सुखडी, खाली प्लास्टिकच्या पिशवीत (तेल लागू नये म्हणून) नवा करार. सही केलेला, भाडं तेच. शेवटी हिंमतरावांच्या अक्षरात एक कलम: छतापासून फरशीपर्यंत सगळी दुरुस्ती मालकाची, तक्रार तोंडी करावी, डब्यातून करू नये. (तोंडी सहा वेळा केली होती.) इतकं सरळ असल्यामुळे तीनदा वाचलं. सही करते आहे.

ता. क. तिसरा. तू येऊ नकोस, गुडघे सांभाळ. फक्त तुझ्या खोबऱ्याच्या वड्यांचं प्रमाण उलट टपाली पाठव. डबा परत करायचा आहे, आणि मोरीतला नळ गळतो आहे.