मोटारीचा फोन

मी, श्रीमती लीलाबाई नत्थुजी निंभोरकर, वय ७१, धंदा शेती, राहणार मौजा पिंपळखुटा, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मोर्शीच्या डॉक्टरांनी मला तपासून प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला दिला आहे. गुडघे त्यांनी तपासले नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, वाटणी लिहा, कारणे लिहू नका. पण कारणे गाळली तर या कागदाचा मला काही उपयोग नाही.

मला दोन लेकरे. मुलगी आकांक्षा अकोल्याला शाळेत शिकवते. मुलगा गजेंद्र पुण्याला कंपनीत आहे. माझे यजमान नत्थुजी तीन वर्षांपूर्वी, संत्र्याला पहिले पाणी सोडले त्या दिवशी वारले. त्यांच्या तेरवीनंतर गजेंद्रने गावात पाय ठेवलेला नाही.

१. राहते घर, माझे दागिने आणि बँकेतली ठेव आकांक्षाला द्यावी. मात्र समोरची खोली गजेंद्रसाठी नेहमी झाडून ठेवावी. मीही ती रोज झाडते.

२. यंत्रे. गजेंद्र स्वतः येत नाही, वस्तू पाठवतो. त्याने पाठवलेले पाण्याचे मशीन जेवढे पाणी शुद्ध करते त्याहून जास्त मोरीत सोडते; ते आकांक्षाने न्यावे. बोलणारा डबा नात अवनीला द्यावा. मी त्याला विचारते, "लाईन कवा येते रे बाबा?" तो म्हणतो, "माफ करा, मला समजले नाही." वीज मंडळातही हेच ऐकायला मिळते, पण तिथे निदान माफी मागत नाहीत. ओसरीवरचा कॅमेरा कोणालाही देऊ नये. तो गजेंद्रने स्वतःच्या हाताने काढावा. त्यातून त्याला मी दिसते, मला तो दिसत नाही. संध्याकाळी दिवा लावला की मी त्याच्यासमोर उभी राहून "जेवली मी" म्हणते. फार वाईट वाटते हो, भिंतीला असे सांगताना.

३. माझे दीर बंडू यांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये. तेरवीच्या पंगतीत, भरल्या ताटावर, ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बाप मरून राहिला होता, अन् पोरानं फोन कापला." गजेंद्र वाढत होता. हातातली बादली खाली ठेवून तो जो निघाला, तो पुन्हा आला नाही. बंडूभाऊजींना माझा जुना मोबाईल तेवढा द्यावा. जगातले सगळे फोन त्यांनी उचलावेत.

४. संत्र्याची बाग माझ्या नावे खरेदी केलेली आहे. ती मी गजेंद्रला देते. तो म्हणतो, "विकून टाक." त्याने मागे काय झाले ते खाली नीट वाचावे आणि मग काय ते ठरवावे.

विहिरीवर मोबाईल स्टार्टर गजेंद्रनेच बसवला. बापाने अंधारात साप-विंचवात जाऊ नये म्हणून. पेटीत सिमकार्ड, आणि नंबर जोडला तो गजेंद्रचा, कारण यजमानांना मोबाईलची बटणे जमत नव्हती. मुलगा पुण्यातून मोटार चालू करायचा आणि इकडे पाणी पडायचे. मोटार चालू झाली, बंद झाली की पेटी त्याला फोन करायची आणि रेकॉर्ड केलेल्या बाईच्या आवाजात एकच वाक्य बोलायची. लाईन वरखाली झाली की असे फोन एकावर एक जायचे. असे फोन सगळेच कापतात. आमच्या भागात ज्याच्या मोबाईलमध्ये 'मोटार' हे नाव आहे, त्याने ते कापलेच आहेत.

यंत्र चांगले होते. यजमान सगळ्यांना कौतुकाने दाखवायचे. तरी स्वतः जायचेच. मी चिडले की म्हणायचे, "मोटार मशीन चालू करते व, पण पानी शेवटच्या झाडाले गेलं का, हे पाहाले तं पायच लागते."

त्या दिवशी झाडांचा ताण तोडायचा होता. आंबिया बहारासाठी झाडे तहानलेली ठेवतात, मग पहिले पाणी देतात. त्या पाण्याला आमच्या घरी नारळ आणि निवद असतो. यजमान पुढे गेले. मोबाईल नेहमीप्रमाणे घरी खुंटीवर ठेवला, विहिरीत पडेल म्हणून. मी निवदाचे ताट घेऊन पोहोचले तेव्हा ते पेटीला टेकून बसले होते, घामाने चिंब. तेवढ्या वेळात पेटीवरून गजेंद्रला पुन्हा पुन्हा फोन गेले होते आणि तो मीटिंगमध्ये होता. जीपने मोर्शीला नेताना रस्त्यातच ते गेले.

तेव्हापासून गजेंद्र धरून बसला आहे की, बापाने छातीत कळ आल्यावर मला बोलवायला पेटीवरचे चालू-बंदचे बटण दाबले, आणि मी कापत गेलो.

५. आता जे लिहिते ते साक्षीदारांना वाचून दाखवले आहे. जीपमध्ये यजमानांचे डोके माझ्या मांडीवर होते. ते म्हणाले, "गजूले सांगजो, मी त्याले बोलावत नव्हतो. लाईन वरखाली होऊन राहिली होती. मोटार जळन म्हणून बंद-चालू करत होतो." हे मी गजेंद्रला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "आई, तू मले समजवाले सांगून राहिली." पुन्हा सांगितले, त्याने फोन ठेवला. म्हणून हा कागद केला. सरकारी शिक्क्याच्या कागदावर, मरणाच्या गोष्टी लिहिताना, तुझी आई खोटे लिहील का रे?

ते खरे बोलले, की लेकाला जन्मभर टोचू नये म्हणून बोलले, हे मला माहीत नाही. माहीत असते तर तेही लिहिले असते. पण शेवटचा दम त्यांनी याच्यावर खर्च केला. त्यांचे बोलणे खाली पडू द्यायचे नाही, एवढेच मला कळते. आणि गजू, तू बापाचा फोन कापला नाहीस. मोटारीचा कापलास.

६. गजेंद्रने त्याचा नंबर पेटीतून काढून टाकायला लावला. आता तिथे माझा आहे. मोटारीचा फोन मी दरवेळी उचलते आणि ती बाई थांबेपर्यंत ऐकते. माझ्यामागे आकांक्षाने त्या पेटीत पुन्हा गजेंद्रचा नंबर जोडावा. हे काम माझ्या दहाव्याच्या आत व्हावे.

मग कधीतरी लाईन येईल आणि पुण्याला तुझा फोन वाजेल. उचल. पलीकडून ती बाई एवढेच सांगेल, मोटार चालू झाली आहे. त्याच्या पुढचे तिला सांगता येत नाही. पाणी शेवटच्या झाडाला गेले का, ते पाहायला ये.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली. लिहिताना दोनदा थांबले, ते डोळ्यांमुळे; शुद्ध हरपली असे कोणी म्हणू नये.

सही : लीलाबाई नत्थुजी निंभोरकर

आमच्यासमोर सही झाली. जीपमधल्या बोलण्याचा मजकूर बाईंनी आम्हाला दोनदा वाचून दाखवला.

साक्षीदार :
१. दीपमाला सुधाकर ढोले, राहणार पिंपळखुटा
२. पियुष वामनराव काळमेघ, राहणार पिंपळखुटा. त्या दिवशी जीप मी चालवत होतो. नत्थुजीकाका हेच बोलले होते. मी ऐकले आहे.

स्थळ : मोर्शी
दिनांक : १९ जानेवारी २०२५