मेंढपाळाची आई

दम्माम, रविवार

प्रिय भाऊ बाबिकर,

तुला, तुझ्या बायकोला, मुलासुनांना आणि तुझ्या समस्त मेंढ्यांना (किती आहेत ते विचारत नाही, मोजल्या की दृष्ट लागते असं तू म्हणतोस) माझा सलाम. गुडघा कसा आहे? बुतानाच्या माळावर यंदा गवत उगवलं का? अल्लाच्या कृपेने आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस. पण तू पाचवीत शाळा सोडलीस आणि मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले, तेव्हा दोषातला मोठा वाटा माझा. तो मी घेतला. पुढे चल.

माझा मुदस्सिर इथे सर्व्हेअर आहे. चांगलं काम आहे, रस्ते आखतो. पण सरकारी कार्डावर तो मेंढपाळ आहे. झालं असं, की त्याला इथे आणणारा कफील अबू फलाह (कफील म्हणजे ज्याच्या नावावर परक्या माणसाने इथे राहायचं तो, तू बुतानाबाहेर फारसा गेला नाहीस म्हणून सांगते) याच्याकडे तेव्हा एकच जागा शिल्लक होती, त्याच्या गोठ्यावरच्या मेंढपाळाची. "आधी आत ये, बाबा, काम मागाहून बदलून घेऊ," म्हातारा म्हणाला. ते "मागाहून" चार वर्षं चाललं आहे. अर्ज केलेला आहे. तो मंजूर होऊन कार्डावर सर्व्हेअर असं उमटलं, की बायको, दोन मुली आणि मी अशा चौघींना मुदस्सिर स्वतःच्या नावावर इथे ठेवू शकेल. मेंढपाळाला ती सोय नाही. मेंढपाळाने घरच्यांना पाहुणे म्हणून बोलवावं आणि मुदत संपली की पाठवून द्यावं. त्यामुळे गेलं दीड वर्ष मी माझ्या पोटच्या मुलाकडे पाहुणी आहे. (या पाहुणीला सकाळी सगळ्यांच्या न्याहारीला फूलच्या दाण्यांची उसळ शिजवावी लागते, हे कुठल्याही कागदावर नाही.)

ही मुदत तीन महिन्यांची. ती वाढवायची तर देशाबाहेर पाऊल ठेवून परत यायचं. म्हणून दर तीन महिन्यांनी आम्ही चौघी एका व्हॅनमधून समुद्रावरचा पूल ओलांडून बहरीनला जातो, शिक्का घेतो, एकेक चहा पितो आणि मागे फिरतो. व्हॅनमध्ये सगळ्या आपल्याच देशातल्या बायका, सगळ्या आमच्यासारख्याच पाहुण्या. पूल पंचवीस किलोमीटर लांब आहे. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, एवढा समुद्र दोन्ही बाजूंना, तो पाहायला नको का? पण सहाच्या सहा वेळा मी धाकट्या नातीच्या तोंडासमोर पिशवी धरून बसले. पाच वेळा सगळं सुरळीत झालं. सहाव्या वेळी मी तोंड उघडलं.

तयारीत कसूर नव्हती. माझी सून रिहाब घरापासून मला पढवत होती. "आई, विचारलंच तर मेंढपाळ म्हणायचं. एक शब्द. पुढे काही नाही." मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "उस्ताजा, आज बाईंचीच तोंडी परीक्षा! नापास झालात तर आम्ही घंटा वाजवू." मी म्हणाले, मी आजवर नापास झालेली नाही. हे खरं होतं. तोपर्यंत खरं होतं.

परतताना सरहद्दीच्या चौकीच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता, अदबशीर, इस्त्रीच्या कपड्यांतला. "हाज्जा, प्रवास ठीक झाला ना? मुलगा काय करतो तुमचा?" मी तो शब्द जिभेवर आणला, अल्ला साक्षी आहे. तेवढ्यात त्याने स्क्रीनकडे बघून स्वतःच वाचलं, "मेंढपाळ," आणि जरासा हसला. आज वाटतं, पहाटेपासून बसलेल्या पोराचं ते साधं हसू होतं. पण त्या क्षणी मला ते वर्गातल्या मागच्या बाकावरचं हसू वाटलं, आणि मागच्या बाकाला मी कधी सोडलेलं नाही. "माझा मुलगा खार्तूमला शिकलेला सर्व्हेअर आहे," मी म्हणाले. "वर्गात तिसरा आला होता." रिहाबने माझ्या तोबचा पदर मागून ओढला. मी तो सोडवून घेतला आणि मुदस्सिरच्या शेवटच्या वर्षाचे गुण विषयवार सांगितले. अधिकारी टाइप करत होता. त्याचं काही चुकू नये म्हणून मी शब्द तोडून, सावकाश बोलत होते. (शुद्धलेखन घालायची सवय, बाबिकर. कुठलंही नाव त्याला दोनदा विचारावं लागलं नाही.)

"माशाल्ला, हाज्जा," तो म्हणाला आणि त्याने नव्वदऐवजी तीस दिवसांचा शिक्का मारला. शिवाय शेरा लिहिला, की कफीलाच्या मेंढ्या नक्की कोण राखतो याची तपासणी व्हावी. त्याचं काम त्याने चोख केलं; माझ्या शाळेत असता तर मी त्याला मॉनिटर केलं असतं. अबू फलाहचा फोन आला तेव्हा म्हातारा जवळजवळ रडत होता. "उस्ताजा, तुमचा मुलगा हुशार आहे हे मला ठाऊक होतं हो! सरकारला कशाला सांगितलंत?"

तपासणी चौदा तारखेला आहे. तोवर मुदस्सिर रजा काढून शहराबाहेर अबू फलाहच्या गोठ्यावर राहतो आहे. तिथे तो मेंढपाळ ठरला नाही तर कार्ड रद्द, अर्ज रद्द आणि आम्ही पाचही जण परत. परत कुठे, ते विचारू नकोस. वद मदनीच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. लढाईनंतर दार जागेवर आहे की नाही याबद्दल शेजारी दर वेळी वेगळं सांगतात. पाहुण्या मुलींना शाळेत नाव घालता येत नाही म्हणून दोघींचे अर्ज रिहाबने आधीच भरून ठेवले होते, कार्ड आलं की नेऊन द्यायला. पुलावरून आल्यावर तिने ते टेबलावरून उचलून कपाटात ठेवले. तेवढंच. दार हळू लावलं.

त्या दिवसापासून मला तुझी आठवण येते आहे. "मेंढपाळ" हा शब्द माझ्या घशात का अडकला, याचा मी विचार केला. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या मुलीच्या लग्नात, भर मांडवात, मी म्हणाले होते की आमच्या घरात एकच जण शिकला नाही आणि त्याचा वास दारातूनच येतो. लोक हसले. तू मला ताटात आणखी मटण वाढलंस. मुदस्सिर बारा वर्षांचा असताना तुझ्याकडे पळून आला होता, तेव्हा नवव्या दिवशी मी त्याला कान धरून नेलं. तू म्हणालास, "ताई, पोराला हात आहे, मेंढी त्याच्याकडे आपणहून येते." मी ती शिवी समजले. ती शाबासकी होती, हे समजायला मला अठ्ठावीस वर्षं आणि एक पूल लागला. मी चुकले, बाबिकर. मला माफ कर. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. दुसरा कोणताही हेतू नाही.

तुझी मोठी बहीण,
बुसैना

ता. क. मुदस्सिरने तुझ्याकडे मेंढ्या राखल्या होत्या असा दाखला हवा आहे, गावचा प्रमुख म्हणून उमद्याच्या शिक्क्यासह. गावाकडचा असा कागद समोर ठेवला तर तपासनीस मानतील, असं अबू फलाह म्हणतो. नऊ दिवस लिहू नकोस, कोण विश्वास ठेवील? दोन वर्षं लिही. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी तीस वर्षं बाकावर उभं केलं आहे. आता मीच उभी आहे, असं समज.

ता. क. दुसरा. रिहाब या पत्राचे फोटो काढून उमद्याच्या मुलाच्या फोनवर पाठवणार होती. त्याआधी मुदस्सिरने वाचलं. तो म्हणतो, खोटं कशाला? त्या नऊ दिवसांनंतर सलग चार उन्हाळे मी त्याला गणिताच्या खास वर्गासाठी गदारिफच्या बसमध्ये बसवत होते, तो वर्ग म्हणे नव्हताच. तो वाटेत तुझ्या गावीच उतरायचा आणि सुट्टीभर तुझ्या कळपामागे असायचा. शेवटी तू त्याला साबण लावून, हातात वही देऊन बसवर सोडायचास. आणि "गणितात प्रगती समाधानकारक" असं जे पत्र मला दर महिन्याला यायचं, ते तू सांगायचास आणि उमदा लिहायचा. मी ती सगळी जपून ठेवली होती.

तेव्हा खरं तेच लिही. चार उन्हाळे, तारखांसकट. उमद्यालाही सांग, त्याचं अक्षर मी ओळखते. चौदाच्या आत पाठव. पंधराला मी तुला फोन करून भरपूर रागावणार आहे. फोन उचल.