अंतऱ्याची दुसरी ओळ

आप्पा, तुमच्या बंदिशीतली एक ओळ मी विसरले होते, आणि तीही तुम्ही असतानाच. लग्न होऊन बेळगावला आले, दोन वर्षं तंबोरा गवसणीतच राहिला. बाहेर काढला तेव्हा भीमपलासातल्या तुमच्या बंदिशीच्या अंतऱ्याची पहिली ओळ आली आणि दुसरीच्या जागी नुसता आकार. तुमची निपाणी काही सातासमुद्रापार नव्हती, बसनं येऊन विचारता आलं असतं. पण तुमच्यासमोर बसून 'विसरले' म्हणायची माझी छाती झाली नाही.

कारण लिहून घेण्यावरून खाल्लेली बोलणी ताजी होती. तंबाखूच्या वखारीवरची तुमची माडी, खालून खकाणा वर येतोय, मी शिंकतेय आणि शिंकता शिंकता बसच्या तिकिटामागे ओळ उतरवून घेतेय. तुम्ही तिकीट ओढून घेता, डोळ्यांजवळ धरता. "कागुद गाणार असंल तर त्यालाच बसीव की चटईवर. तू कशाला आलीयास?" कोपऱ्यातली माझी मैत्रीण ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसते. त्यानंतर मी पेन कधी आणलं नाही. गळ्यातनं गळ्यात जातं तेच गाणं, असं तुम्ही म्हणायचात, आणि मला ते वेदवाक्य वाटायचं. तर विसरलेल्या ओळीच्या जागी मी माझीच एक जुळवून घातली, आणि वीस वर्षं मुलांना 'आमच्या आप्पांची बंदिश' म्हणून शिकवली. त्या ओळीवर आले की आवाज उगाच मोठा करायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता ब्लॉग म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? शाळेतला फळा समजा, फक्त तो ज्याच्या त्याच्या घरी दिसतो आणि मी पुसल्याशिवाय पुसला जात नाही. शिकवणीला येणाऱ्या मुलांचे पालक दारात उभे राहून विचारायचे, या आठवड्यात काय घोटायचं? फोनवरच्या ग्रुपात सांगावं तर सुप्रभाताच्या फुलांखाली ते गडप. मच्छे गावाहून येणाऱ्या एका मुलीचे वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात, फाउंड्रीत आहेत. ते म्हणाले, "बाई, कुठंतरी एकदा लिवून ठेवा की. ड्युटीवरनं आलो की बघून पोरीला बसीवतो." म्हणून ब्लॉग. दर शनिवारी लिहिते: कोणते पलटे, श्वास कुठे घ्यायचा, निषाद चढू नये म्हणून काय करायचं. सोबत माझ्या आवाजात पाठ. पालक खाली प्रश्न विचारतात, मी उत्तरं देते. सुरुवातीला तुम्ही मागे उभे राहून वाचताय असं वाटून मी दोनदा मागे वळूनही पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात तुमची बंदिश तिथे टाकली, स्वरलिपीसकट. दोन दिवसांनी खाली कोणीतरी लिहिलं, "अंतऱ्याची दुसरी ओळ आप्पांची न्हाय." ती कोपऱ्यातली मैत्रीणच, आता चिकोडीजवळ शेतकरी घरात सासू झालेली. सगळ्या पालकांच्या डोळ्यांदेखत! ते वाक्य पुसायला बोट नेलं आणि मागे घेतलं. वीस वर्षं खोटं बोलून मी खरंच दमले होते. खाली लिहिलं, "खरं आहे. ती ओळ माझी आहे, मी विसरले होते. मूळ ओळ कोणाकडे असली तर सांगा."

तिनं ती गाऊन पाठवली. दुसऱ्या दिवशी तुमच्या संकेश्वरच्या एका जुन्या शिष्यानं लिहिलं, हीबी न्हाय, आणि वेगळीच पाठवली. मग गडहिंग्लजहून तिसरी. एकीचा दुसरीशी मेळ नाही. शेवटी मी मैत्रिणीला फोन लावला. ती आधी भांडायलाच उठली, मग एकदम थांबली आणि खो खो हसत सुटली. "आगं, आप्पांच्याच ध्यानात ऱ्हात नव्हती की ती! दर खेपंला नवी घालत हुते. कागुद असता तर घावले असते न्हवं!" आप्पा, मी इतकी हसले की घरचे बघायला आले. राग यायला हवा होता, पण आला नाही. छातीवरचा धोंडा उतरला होता. आणि आठवलं, त्या ओळीवर तुमचाही आवाज मोठा व्हायचा.

ब्लॉगवर आता चारही ओळी आहेत, कोणाकडची कुठली ते सांगून. फाउंड्रीवाल्यांनी विचारलं, "मग परीक्षेला कंची म्हणायची?" मी लिहिलं, तिच्या गळ्याला सोसेल ती. एकाही पालकानं मूल काढून घेतलं नाही.

हे पत्र मात्र तिथे टाकणार नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ढसाढसा रडले, आणि सगळे म्हणाले, शिष्या असावी तर अशी. खरं सांगते, मी रडत होते ते ओळ विचारायला आता कोणी उरलं नाही म्हणून. विचारलं असतं तर तुम्ही बसल्याजागी नवी बांधून दिली असतीत, आणि मला कळलंही नसतं. तुमच्यासाठी, आप्पा, मी परवा रडले, भांडी घासताना.