तबकडीला इस्त्री

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठातली सहाच अंगं टेकलीत, उरलेली दोन मनाने टेकली असं समज). तुझी तब्येत कशी आहे? कानातलं मशीन घालतेस की अजून डबीतच झोपवून ठेवलंय? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे मी सोडून. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दिवसभर लाँड्रीतल्या मशीनवर ओरडून आल्यावर माझ्यात आणखी ओरडायचा दम उरत नाही, म्हणून लिहिते. चौथी नापास बाईचं पत्र आहे, चुका पोटात घाल. मला तुझ्याकडून काही नको आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तर ऐक. आमच्याकडे एक दातांचा डॉक्टर पांढरे कोट धुवायला टाकतो. डोक्याला तुळतुळीत टक्कल, आणि नाद जुन्या रेकॉर्डींचा. त्यातही साठ सालच्या आसपासच्या, मुलींच्या टोळक्यांच्या. एकसारखे फ्रॉक घालून तिघी-चौघी उभ्या, एक गाणार आणि बाकीच्या मागून ऊ-ऊ करणार, असल्या. कुणी तेव्हा ऐकल्या नाहीत, कुणी नंतर विचारलं नाही, त्याच ह्याला हव्या. भंगारवाल्याच्या ढिगात गुडघ्यावर बसून शोधतो (बायकोने नाद सोडलाय, त्याचा, रेकॉर्डींचा नव्हे). मागच्या आठवड्यात पावती काढायला म्हणून त्याने काखेतली रेकॉर्ड माझ्या टेबलावर ठेवली. मी बघते तर पाकिटावर मधोमध तू! डोक्यावर वीतभर उंच अंबाडा, कोंबडीने बिनघोर अंडी घालावीत असा. शेजारी तुमची ती लांबुळकी मैत्रीण, जी गेल्याचं तू मागे कळवलं होतंस. आणि तुझ्या मागे अर्धा चेहरा. एक डोळा, अर्धं नाक, बाकीचं तुझ्या अंबाड्याने गिळलेलं. तो अर्धा चेहरा मी बावन्न वर्षं रोज बघते. माझी आई!

बावन्न वर्षं, मावशी! शाळेत प्रार्थना मोठ्याने म्हटली म्हणून ह्याच बाईने माझा कान पिळला होता. आणि तू? संधिवातावर तीन-तीन पानं लिहितेस, हे एक वाक्य लिहायला तुझा हात दुखत होता का?

डॉक्टरला सांगितलं, तर तो मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावरच बसला. तीस वर्षांत त्याला ही एकच सापडलेली. लायब्ररीच्या हॉलमध्ये एका रविवारी त्याच्यासारखी माणसं जमणार आहेत (असली माणसं एकाहून जास्त आहेत, हे ऐकून मीच बसायच्या बेतात होते). तिथे ही रेकॉर्ड वाजवायची आणि आईला पुढच्या खुर्चीत बसवायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. मी म्हटलं, आधी आईला घरी ऐकवते. त्याने वाजवायचं यंत्रही दिलं आणि रेकॉर्ड तर बाळंतिणीजवळ बाळ द्यावं तशी दोन्ही हातांवर दिली.

आई आधी म्हणाली, "ही मी नाही." मग चष्मा पुसला. मग सुरू झाली, "तो अंबाडा! फोटोवालासुद्धा सांगत होता, ताई जरा खाली वाका. वाकली का? नाही वाकली." म्हणजे तुम्ही दोघी इतकी वर्षं बोलत नाही ती ह्यापायी! मी आपली समजत होते, जमीनजुमल्याचं काहीतरी असेल, चारचौघांत सांगण्यासारखं. अंबाड्यापायी! पण त्याच दिवशी तिने केस धुतले, ट्रंकेतले ठेवणीतले कपडे काढून खुंटीला लावले आणि मला विचारलं, हॉलमध्ये बसायचं की उभं राहायचं. घरी पाहुणा आला की जिला ताप येतो, ती बाई हे विचारत होती.

आणि रेकॉर्ड निघाली वाकडी. आधीच्या मालकाने उन्हात ठेवलेली असणार, कड नुसती लाटेसारखी उचललेली. सुई नेमकी आईच्या जागांवर उडी मारायची. तुझा आवाज खणखणीत, आणि आईचा आला की टणकन पुढे. तिने चार वेळा ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवली. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? सव्वीस वर्षं मी जगाचं वाकडं सरळ करते. रेकॉर्ड लाँड्रीत नेली, रेशमाला गुंडाळतात तशी ओल्या फडक्यात गुंडाळली, वाफेच्या इस्त्रीच्या मशीनमध्ये ठेवली, वाफ कमी केली, झाकण दाबलं आणि दहा आकडे मोजायला लागले. सातव्याला वास आला.

सरळ झाली, हे कबूल करायला हवं. इतकी सरळ की सगळ्या रेघा गेल्या आणि फडक्याची वीण उमटली. डॉक्टरच्या टकलासारखी गुळगुळीत. सुई ठेवली की कडेपासून मधोमध सुर्रकन घसरते, वाटेत कुठे थांबत नाही. डॉक्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "दहा आकडे?" मी म्हटलं, "सातच."

मग आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि तेव्हापासून गायला लागली आहे. फक्त तिचं तिचं! ऊ-ऊ म्हणते, मग हात वर करून गप्प उभी राहते, तुझी ओळ संपेपर्यंत बोटं मोजते, हात खाली आणते, परत ऊ-ऊ. भाजी चिरताना तेच, नळावर तेच. वरच्या मजल्यावरची विचारून गेली, आजींना झटके येतात का. मीसुद्धा पळी हातात धरून त्या गप्प जागेत उभी राहते आणि पोळ्या करपतात. तुझी ओळ मला येत नाही. डॉक्टरला येते, पण तो गायला लागला की दात धरावासा वाटतो. असं अर्धं गाणं घरात घेऊन मी बसले आहे.

बाकी सर्व ठीक. जिन्यावरून सावकाश उतरत जा.

तुझी भाची

ता. क. काही नको म्हटलं होतं, पण तुझ्या ट्रंकेत त्या रेकॉर्डीची एखादी प्रत आहे का, ते बघ. सापडलीच तर उन्हात ठेवू नकोस.

आणखी एक. नसली तरी चालेल. तूच ये. येत्याच्या पुढचा रविवार, सकाळी दहा. हॉल ठरलेलाच आहे आणि वाजवायला काही नाही. कान चालत नसले तरी अडत नाही. आईचा हात वर गेला की गायचं, खाली आला की थांबायचं.

आणखी. ह्यातलं आईला काही माहीत नाही.

शेवटचं. आता माहीत आहे. पत्र टेबलावर ठेवून आंघोळीला गेले तेवढ्यात तिने वाचलं. म्हणते, "ताईला लिही, ये म्हणावं. पण ह्या वेळी पुढे मी, आणि अंबाडा घालून आली तर दारातूनच परत." तुझ्या डोक्यावर आता लिंबाएवढ्या अंबाड्यापुरतेही केस नाहीत, हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही कळवू नकोस. आरशासमोर पुढे उभं राहायचा सराव चाललाय.