कपाटाच्या दाराची गिटार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा, लाकडाच्या भुशाने माखलेल्या हातांनी, साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत आणि भाऊजींचा खोकला कितपत उतरला, हे विचारण्याआधी तुझा जीव भांड्यात पाडतो: दार सुखरूप आहे. म्हणजे आता ते दार राहिलेले नाही. परंतु गिटार म्हणून सुखरूप आहे. (आता गुडघ्यांबद्दल सविस्तर कळव.)

भाऊजींना तरुणपणी विकावी लागलेली गिटार साठाव्या वाढदिवशी परत मिळावी, तीही त्यांच्या लाडक्या शिसवी कपाटाच्या दारातून आणि माझ्या हातची, ही कल्पना तुझी की माझी, ही चर्चा आता निष्फळ आहे. मात्र "दार वाया गेलं, तर तोंड दाखवू नकोस," हे तुझे वाक्य मी पाच महिने रोज करवत उचलण्यापूर्वी मनातल्या मनात म्हणत आलो. तिकडे तू कपाटाला पडदा लावून "दार दुरुस्तीला दिलंय" असे भाऊजींना सांगत राहिलीस, याचीही मला पूर्ण जाणीव आहे. पाच महिने दुरुस्त होणारे दार कोणत्या प्रकारचे असते, असे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता प्रक्रिया क्रमाने सांगतो, कारण ती विलक्षण सुंदर आहे. वाद्ये घडवणारे माझे उस्ताद (मितभाषी गृहस्थ, माझ्यासारख्या तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसापुढे दुसरा पर्यायही नसतो) यांनी प्रथम दार चिरून त्याचे पातळ तक्ते काढले. त्यांतून गिटारची पाठ आणि दोन कडा निघाल्या. कडा वाकवण्यासाठी लाकूड भिजवून तापलेल्या नळीवर हळूहळू दाबतात. उष्णतेने लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा घटक मऊ होतो आणि ताठ फळी कमरेसारखी वळते. हे तत्त्व मला इतके भावले, की मी ते उस्तादांना समजावून सांगू लागलो. दुर्दैवाने त्या वेळी कड नळीवरच होती. करपल्याचा वास आला, तेव्हा मी दुसऱ्या मुद्द्यावर होतो. उस्तादांनी माझे मनगट धरून बाजूला केले आणि म्हणाले, "साहेब, आधी वाकवा, मग समजवा." ताई, त्या क्षणी मला दाराऐवजी तुझा चेहरा दिसला. सुदैवाने डाग आतल्या बाजूला पडला आहे. भाऊजी गिटारच्या पोटात शिरल्याशिवाय तो त्यांना दिसणार नाही.

पुढची पायरी चिमट्यांची. कडांच्या आतल्या काठाला बारीक पट्टी चिकटवतात आणि गोंद वाळेपर्यंत ती इंचाइंचावर दाबून धरावी लागते. त्यासाठी कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांसारखे साधन नाही, असे उस्ताद म्हणाले, आणि मी घरातले सगळे नेले. त्याच दुपारी वारा सुटला. दोन चादरी समोरच्या गच्चीवर गेल्या आणि माझा पायजमा खालच्या दंतवैद्यांच्या पाटीवर पाय सोडून बसला. तुझी भावजय शांतपणे एवढेच म्हणाली, "लाकडाला चौसष्ट चिमटे, आणि माझ्या चादरींना एक नाही! तुम्हीच जाऊन उभे राहा आता दोरीपाशी." मी राहिलो. (दीड तास. गोंद वाळायलाही तेवढाच वेळ लागतो, हे निरीक्षण उपयुक्त ठरले.)

काल तारा चढवल्या. सहा तारांचा एकत्रित ताण पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या धाकट्या काकांएवढा. काका त्या नाजूक लाकडी पेटीला अहोरात्र लोंबकळणार, अशी कल्पना केलीस म्हणजे मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला का उभा होतो, हे कळेल. उस्तादांनी पोटात छोटा आरसा घालून पाहिले, किंचित हसले आणि एकेक तार आवळत गेले. लाकूड दोनदा कुरकुरले. मी डोळे मिटून घेतले. मग काहीच तुटल्याचा आवाज आला नाही, आणि त्यानंतर जो आला, तो इतका भरदार, गोड आणि लांबवर रेंगाळणारा होता, की मी जवळच्या स्टुलावर बसलो. स्टूल तिथे नव्हते, पण त्याचेही मला काही वाटले नाही. ताई, पाच महिन्यांनी काल मी पोटभर जेवलो आणि आडवा होताच झोपलो.

भाऊजींना नमस्कार (कारण न सांगता).

तुझा,
धाकटा

ता. क. एक तपशील राहिला. वरच्या तक्त्याला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवतात. जाड तारांच्या बाजूला वेगळ्या, बारीक तारांच्या बाजूला वेगळ्या. उस्तादांनी दिलेला पट्ट्यांचा नकाशा आतून पाहून काढलेला होता, तो मी बाहेरून पाहून काढलेला समजलो. त्यामुळे सर्व पट्ट्या उलट, परंतु अत्यंत काटेकोरपणे बसल्या आहेत. उस्ताद म्हणाले, "डावखुऱ्या माणसासाठी इतकी निर्दोष गिटार मी आजवर पाहिली नाही." भाऊजी उजव्या हाताचे आहेत, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक ता. क. वाढदिवसाला अजून सहा महिने आहेत, तेव्हा कपाटाचे दुसरे दारही पाठव. यात तुझाच फायदा आहे. एक दार नसले, की माणूस त्याची चौकशी करतो. दोन्ही नसली, की कपाट मुळातच असे होते का, हे आठवत बसतो.